थांबलं की बंद पडते: पेट्रोल गाडीचं आयडलिंग स्वतः कसं तपासायचं

गाडी रस्त्यावर झकास पळते, पिकअपची तक्रार नाही. पण सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की आरपीएमचा काटा खाली झुकतो, थरथर सुटते आणि बंद. सेल्फ मारला की पुन्हा चालू. साताऱ्यात वाढे फाट्याच्या बाजूला माझं गॅरेज आहे आणि हे दुखणं माझ्याकडे जरा जास्तच येतं. पुण्याकडच्या गाड्या खंबाटकी घाट चढून येतात, आनेवाडी टोलच्या रांगेत बऱ्याच वेळाने पहिल्यांदा उभ्या राहतात, आणि तिथे त्यांचं पितळ उघडं पडतं.

माणूस येतो आणि म्हणतो, "दादा, गाडी बंद पडतीय, बघा जरा." मी विचारतो, "कधी?" उत्तर ठरलेलं, "कधीपण." कधीपण बंद पडणारी गाडी मी अजून पाहिलेली नाही. खोदून विचारलं की निघतं: फक्त सकाळी. फक्त एसी लावल्यावर. पंपावर टाकी भरून निघताना. पाऊस पडून गेल्यावर. अर्धं निदान इथेच होतं, आणि ते तुम्ही घरी बसून करू शकता. पार्ट बदलत बदलत दोष शोधायचा प्रकार मला पसंत नाही. त्यात गाडी सुधारते, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही.

आयडलिंगलाच, म्हणजे पाय न लावता इंजिन नुसतं चालू असतानाच का, हे आधी समजून घ्या. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या दाराची, पाकळी जवळजवळ मिटते. इंजिनाला एका बारीक वाटेने थोडीशी हवा मिळते आणि तिच्या मापात थोडंसं पेट्रोल. गरम झालेलं इंजिन एवढ्यावर साधारण ७५० ते ९०० आरपीएमने फिरत असतं. सायकल वेगात असली तर हात सोडले तरी पळते, अगदी हळू चालवायला गेलं की हँडल डुगडुगतं, तसंच हे. तीन हजार आरपीएमवर एखाद्या प्लगने एखादी ठिणगी चुकवली तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. आठशेवर तीच चूक सीटमधून जाणवते. म्हणून "वर चांगली पळते, खाली बंद पडते" अशी तक्रार असेल तर घाबरू नका, यात इंजिन उतरवायची वेळ क्वचित येते.

कधी बंद पडते, ते लिहून काढा

सकाळी थंड इंजिनावर त्रास आणि दहा मिनिटांनी सगळं ठीक: थंड असताना काटा बाराशेच्या आसपास चढून मग हळूहळू खाली यायला हवा. तो चढतच नसेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर यांच्याकडे बघायचं. हा सेन्सर बिघडला की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन गरमच आहे, आणि तो थंड इंजिनाला लागणारं जास्तीचं पेट्रोल देत नाही. उलटही होतं. इंजिन तापलं तरी ईसीयू त्याला थंडच समजत राहतो, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज पडतं.

गाडी पूर्ण तापल्यावर अचानक बंद, वीस मिनिटं उभी केली की जणू काही झालंच नाही: माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. इंजिन कुठे फिरतंय हे ईसीयूला हा सेन्सर सांगतो. आतली तार तापली की तुटते, निवली की जुळते. बंद पडलेल्या अवस्थेत सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरताना तो थोडा तरी उचलतो. एरवी उचलणारा काटा त्या वेळी शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला तर सेन्सरवरचा संशय पक्का होत जातो. पण गरम झाल्यावर टाकीतला पेट्रोलचा पंप आणि प्लगला ठिणगीचा करंट देणारी इग्निशन कॉइलसुद्धा असंच करतात, म्हणून लगेच खरेदीला पळू नका.

एसी लावला की काटा पडतो: कॉम्प्रेसर जोडला जाण्याच्या क्षणी ईसीयू थोडी जास्त हवा देऊन इंजिनाला सावरतो. कार्बनने वाट चोंदलेली असेल तर सावरायला हवाच मिळत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा रात्री हेडलाइट, पंखा आणि मागची काच तापवायची जाळी एकदम चालू केल्यावर काटा पडतो त्याचंही कारण बहुधा हेच. मात्र दिवे मंद होत असतील तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर. साध्या मल्टिमीटरवर बंद गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीला १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नव्या काही गाड्यांत चार्जिंग ईसीयूच्या हातात असतं, तिथे आकडा थोडा वरखाली झाला तरी बिघडत नाही.

पेट्रोल भरून निघालं की पहिल्या दोन-चार मिनिटांत आचके: याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. टाकीतली वाफ बाहेर उडू नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठवतात, कॅनिस्टर म्हणतात त्याला, आणि एका पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिन ती सवडीने ओढून घेतं. तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला की टाकी भरताना उसळलेली सगळी वाफ थेट इंजिनात जाते. इंजिन थंड असताना चालू करा, त्या व्हॉल्व्हची टाकीकडून येणारी नळी काढून तोंडावर बोट धरा. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह गेला. आणि एक सवय सोडा: नोझल कट झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणून वरून पेट्रोल ओतून घेऊ नका. द्रवरूप पेट्रोल त्या कोळशात गेलं की डबा खराब होतो आणि तो स्वस्त नसतो.

ब्रेक दाबला की काटा हलतो आणि पायाशी हिस्स असा आवाज येतो: ब्रेक बूस्टर किंवा त्याची नळी फुटली आहे. हा आयडलिंगचा दोष म्हणून बाजूला ठेवू नका. पेडल कडक होऊन ब्रेक लागायला जास्त जोर लागेल, आणि आपल्याकडे सगळीकडे घाट. त्याच दिवशी काम करून घ्या.

पावसानंतर किंवा सर्व्हिसिंग स्टेशनवर बोनेट उघडून प्रेशरने धुतल्यावर मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेट न घेणं: कॉइलच्या खोबणीत पाणी उतरलंय. कॉइल काढा, पाणी टिपून घ्या, सुकवा. इंजिनावर प्रेशरचा पाइप मारू देऊ नका, कितीही चकाचक दिसत असलं तरी.

बॅटरी बदलल्यावर किंवा थ्रॉटल साफ केल्यावर लगेच आयडलिंग बिघडलं तर ईसीयू नव्याने अंदाज घेतोय. त्याबद्दल खाली येतंच.

आणि थरथर आहे पण काटा स्थिर आहे, गाडी बंदही पडत नाही? मग इंजिन माउंट बघा. रबर बसलं की निरोगी इंजिनाचा थरथराटही केबिनमध्ये उतरतो. तीन सिलिंडरच्या गाड्या मुळातच थोड्या थरथरतात. चार सिलिंडरची गाडी विकून लहान गाडी घेतलेले काका नवी कोरी गाडी घेऊन येतात, "मिसिंग आहे" म्हणतात, आणि त्यांना पटवणं हेच मोठं काम होऊन बसतं.

बोनेट उघडण्याआधी

गाडी मोकळ्या जागेत लावा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून लांब. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही आपोआप फिरू शकतो, तिथे बोटं घालू नका. तापलेल्या रेडिएटरचं झाकण तर उघडूच नका.

मग हातात टॉर्च घेऊन फक्त बघा, कशाला हात न लावता. ऑइल टाकायचं झाकण नीट बसलंय का? डिपस्टिक पूर्ण आत आहे का? बऱ्याच गाड्यांत यातून मोजदाद नसलेली हवा आत जाते आणि तेवढ्यानेही आयडलिंग डळमळतं. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या जाड नळीचा क्लॅम्प सैल आहे का? फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलंय का? हसू नका. पावसाळ्यात उसाच्या शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या डब्यातून मी चिंध्या, शेंगांची टरफलं आणि एकदा पिल्लंसुद्धा काढली आहेत. उंदीर इंजेक्टरच्या, सेन्सरच्या तारा कुरतडतो. तार अर्धी तुटलेली राहते आणि खड्ड्यात गाडी उडाली की मिसिंग येतं, नाहीतर नाही. तंबाखूच्या पुड्या ठेवून काही होत नाही. गाडी रोज हलवणं आणि बोनेट रात्री थोडा वेळ उघडं ठेवणं यानेच फरक पडतो.

बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून बघा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या तारांवर हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर सोडवून पॉलिश पेपरने घासा. हे फुकटचं काम आहे, आणि खराब अर्थिंगवर सगळे सेन्सर खोटं बोलतात.

हवा

सगळ्यात जास्त गाड्या इथेच बऱ्या होतात. इंजिनातली तेलाची वाफ पीसीव्हीच्या नळीतून परत हवेच्या वाटेत येते, थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला चिकटते आणि तिथे काळा थर बसतो. आयडलिंगला हवा जिथून जायची तीच फट हा थर बुजवतो.

साफ करायला थ्रॉटल बॉडी क्लीनरचा डबा, सुती फडकं आणि जुना मऊ टूथब्रश लागतो. इंजिन गार, चावी बाहेर. जाड नळी काढा. तुमच्या थ्रॉटलला ॲक्सिलरेटरची केबल आहे की फक्त वायरचा कनेक्टर, हे आधी बघा. केबल असेल तर एका हाताने केबलची चकती फिरवून पाकळी उघडी धरा आणि दुसऱ्या हाताने कडा पुसा. केबल नसेल तर ती इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे. पाकळी बोटाने जोरात ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात, आणि चावी चालू असेल तर बोट सापडतं. क्लीनर फडक्यावर मारून पुसा. थेट फवारा मारला तर तो मोटरीच्या दांड्यातून आत उतरतो. पांढरं फडकं काळं यायचं थांबलं की झालं, आरशासारखं चमकवायची गरज नाही.

केबलवाल्या गाडीत बाजूला आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. दोन स्क्रूंवर बसवलेला. तो काढला तर त्याची टोकदार पिन हाताने दाबू किंवा ओढू नका. बसायची जागा आणि पिनचं टोक पुसा, ओरिंग फाटली असेल तर नवी घाला. आणि थ्रॉटलवर एक स्टॉपचा स्क्रू दिसेल, बहुधा त्यावर रंग मारलेला. तो पिळून आरपीएम वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो. तो कंपनीने बसवलेला असतो. तो फिरवला की ईसीयूचा सगळा हिशेब चुकतो. माझ्याकडे अशा पिळलेल्या गाड्या येतात, आणि मूळचा दोष शोधण्याआधी मला हा नवा दोष काढावा लागतो.

साफ केल्यावर काटा काही काळ हजार-बाराशेवर राहिला तर दचकू नका. ईसीयूने चोंदलेल्या वाटेची सवय करून घेतली होती, ती आता मोडतेय. एसी, दिवे बंद ठेवून गाडी चालू करा आणि रेडिएटरचा पंखा एक-दोनदा फिरेपर्यंत पाय न लावता तशीच ठेवा. काही गाड्यांना मात्र ही नवी सवय स्कॅनरवरूनच लावावी लागते, रीलर्न म्हणतात त्याला.

त्यानंतर हवेची गळती, आमच्या भाषेत "गाडी एअर घेतेय". फाटलेली व्हॅक्यूम नळी, मॅनिफोल्डचं (थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या फाट्यांचं) कडक झालेलं गॅस्केट, पीसीव्हीची चिरलेली कोपऱ्यातली नळी. लहान मारुतींसारख्या मॅप सेन्सरच्या, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या, गाड्यांत गळतीने काटा वर चढतो किंवा वरखाली झुलत राहतो. आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या गाड्यांत ती हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं आणि मिसिंग येतं. शोधायला अर्धा मीटर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं टोक नळ्यांच्या जोडांवरून फिरवा. हिस्स ऐकू येतो तिथे गळती. नाहीतर फवारणीच्या बाटलीतून जोडांवर थोडं थोडं पाणी मारा, कॉइल आणि वायरिंग सोडून. पाण्याने भोक क्षणभर बुजतं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. व्हिडिओत दाखवतात तसा कार्ब क्लीनर गरम इंजिनावर फवारू नका. पेट घेतो तो.

ठिणगी

काटा फार हलत नाही पण इंजिन ठराविक तालात धक्का देतं, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला की फट्, फट् असा तुटक झोत लागतो: एक सिलिंडर काम करत नाही.

प्लग काढायचे ते इंजिन गार असताना, आणि काढण्याआधी खोबणीतली धूळ हवा मारून उडवायची, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरंफटक म्हणजे हवा जास्त किंवा तापमान जास्त. ओलं, तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं. पण आधी बघा, तेल टोकाला आहे की वरच्या चिनीमातीच्या भागाला. वरच्या भागाला असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळून खोबणीत तेल साचलंय, तो तुलनेने स्वस्त इलाज आहे.

प्लगच्या दोन टोकांमधली गॅप फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या, गाड्यांत बहुधा १.० ते १.१ मिलिमीटर लागते, जुन्या कार्बोरेटर गाड्यांत ०.७ ते ०.८. तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल ते खरं. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबराशेवटी ११ असेल तर तो १.१ च्या गॅपचा असतो. इरिडियमचं बारीक टोक पान्याने ठोकून गॅप बसवू नका.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर फुकटात निदान होतं. संशय असलेल्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवा, शेजारची इकडे. मिसिंग कॉइलसोबत तिकडे गेलं तर कॉइल खराब. तिथेच राहिलं तर प्लगची अदलाबदल करा. तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. कोणता सिलिंडर मेलाय हे शोधायला इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघतात: काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर जिवंत, काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. जुन्या मिस्त्रींसारखी चालू गाडीवर प्लगची वायर उपटू नका. झटका बसतो तो बसतो, वर न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. याच कारणाने चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून उघडझाप करत असेल तर गाडी बाजूला घ्या, तशी दामटत साताऱ्यापर्यंत आणू नका.

पेट्रोल

चावी चालू केली, सेल्फ न मारता, की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. तो पंप. गाडी बंद पडलेल्या क्षणी हा आवाज येत नसेल तर फ्यूज, रिले, पंपाचा कनेक्टर, याच क्रमाने बघा. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत प्रेशर तीन बारच्या आसपास असतं, ते गेजशिवाय कळत नाही, ते काम गॅरेजचं. पेट्रोल कमी दाबाने येत असेल तर मात्र तक्रार चढावर, जोर लागल्यावरही दिसते. फक्त आयडलिंगला त्रास आणि घाटात ताकद पूर्ण असेल तर पंपाला दोष देऊ नका.

इंजेक्टर साफ करायचे का, असं सगळे विचारतात. टाकीत ओतायच्या बाटल्यांवर माझा विश्वास कमी. हवा आणि ठिणगी तपासून झाली असेल तर इंजेक्टर काढून मशीनवर फवारा बघणं योग्य, त्याआधी नाही.

मुलगा परदेशात आणि गाडी दारात, अशा गाड्या आमच्याकडे पुष्कळ. २०२३पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, आणि जुन्या रबराच्या नळ्यांशी त्याचं जमत नाही. रोज फिरणाऱ्या गाडीला याचा लगेच त्रास होत नाही, पण अर्ध्या टाकीने पावसाळाभर उभी राहिलेली गाडी दिवाळीत चालू केली की धापा टाकते. तिचं पेट्रोल काढून ताजं भरा आणि मग बाकीचं बघा. जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या कडक किंवा फुगलेल्या असतील तर बदलून टाका, आगीचा प्रश्न आहे. बाकी गाडीच्या प्रत्येक दुखण्याचं खापर इथेनॉलवर फोडायची हल्ली फॅशन आली आहे, त्यात मला तथ्य वाटत नाही. बहुतेक वेळा थ्रॉटल काळंकुट्ट निघतं.

सीएनजी असेल तर

तुमच्याकडे दोन इंधनं आहेत म्हणजे निदानाचं एक हत्यार फुकट मिळालंय. बटण दाबून पेट्रोलवर घ्या. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर खराब: गॅसचा फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रेड्यूसर, गॅसचे इंजेक्टर, आणि प्लग, कारण सीएनजी पेटवायला ठिणगी जोरदार लागते, म्हणून थकलेला प्लग आधी गॅसवर कुरकुरतो. गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर खराब: महिनोन्‌महिने न वापरलेले पेट्रोलचे इंजेक्टर चिकटलेत. आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. दोन्हींवर खराब: हवा, ठिणगी किंवा व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्हचं मुद्दाम सांगतो. गॅसवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या टॅपेटमधली फट (क्लिअरन्स) कमी होत जाते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. गंमत म्हणजे आवाज येत नाही. टॅपेट वाजत नाही म्हणून मालक खूश असतो, आणि आयडलिंग मात्र दिवसेंदिवस खालावत जातं. टॅपेट फीलर गेजने मोजून घ्यायला सांगा. गॅसच्या लाइनचा कोणताही नट स्वतः सोडू नका. भरलेल्या टाकीत २०० बारचा दाब असतो. गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी, हेही त्याच वेळी बघून घ्या.

स्कॅनर आणि त्याचे आकडे

स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा साधा स्कॅनर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि मोबाइलवर चालतो. तो घ्या, पण आकडा आला की तो पार्ट विकत घ्यायचा नाही. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ दुसऱ्यात, पी०३०० म्हणजे कुठेही. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ: ते हवेच्या गळतीनेही होतं, कमी पेट्रोलनेही. हा कोड बघून ऑक्सिजन सेन्सर बदलायचा सल्ला देणारे भेटतात; सेन्सर बिचारा खरं सांगत असतो. पी०५०६ म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा खाली, पी०५०७ म्हणजे वर. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, त्यात तार आणि कनेक्टरही आले. कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. पुसलेला कोड मला दिसत नाही, आणि मग आपण दोघंही अंधारात.

कार्बोरेटर आणि डिझेल

जुनी ओम्नी किंवा मारुती आठशे अजून सांभाळणाऱ्यांसाठी: पाय काढला की बंद, चोक ओढला की चालते, तर स्लो जेटमध्ये, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकात, कचरा. जेट काढून कॉम्प्रेसरची हवा मारा, तार घालू नका, भोक मोठं होतं. स्लो जेटजवळ वायर जोडलेला सोलेनॉइड असेल तर चावी चालू केल्यावर तो टक् वाजतो का बघा. वायर निसटली तरी हेच लक्षण. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड-दोन फेरे बाहेर, आणि गरम इंजिनावर तिथून पुढे कानाने. महाबळेश्वरला वर हवा विरळ असल्याने अशा गाड्या पेट्रोल जास्त खातात आणि घुसमटतात, खाली वाईला उतरल्या की सुधारतात. वर सेटिंग बदलू नका.

डिझेलला प्लगची ठिणगी नाही. तिथे आधी फिल्टरमधलं पाणी काढा, मग लाइनमध्ये हवा शिरतेय का बघा, मग ईजीआर व्हॉल्व्हमधली, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधली, काजळी. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट गॅरेजमध्येच होते.

घाटात बंद पडली तर

चावी काढू नका, स्टेअरिंग लॉक होईल. स्टेअरिंग जड होतं पण वळतं. ब्रेकला बूस्टरची साथ एक-दोन दाबांपुरतीच उरलेली असते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप न करता एकदाच दाबून धरा. चारी इंडिकेटर लावा, कडेला घ्या. उभी राहिल्यावर हँडब्रेक, गिअर, आणि उतार ज्या बाजूला आहे त्या बाजूने चाकाला दगड. खंबाटकीत वळणावर उभं राहून बोनेट उघडायचं नाही, माणसांनी कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं.

गॅरेजला आणताना

सकाळचा त्रास असेल तर गाडी रात्रीच आणून लावा, म्हणजे थंड इंजिन मला बघता येईल. घरून तापवत आणली तर मी सकाळभर नुसता चांगला आवाज ऐकत बसतो. बंद पडताना डॅशबोर्डचा व्हिडिओ काढला असेल तर तो दाखवा. मागच्या महिन्याभरात काय काय केलं तेही सांगा: बॅटरी, सर्व्हिसिंग, म्युझिक सिस्टीम, अलार्म, धुणं. लाजू नका, मेहुण्याने काही उघडलं असेल तर तेसुद्धा. बदललेले जुने पार्ट परत मागून घ्या. आणि टाकीत थोडं पेट्रोल ठेवून आणा राव, रिझर्व्हचा दिवा लावून आणलेल्या गाडीची ट्रायल मारायला मलाच आधी पंपावर जावं लागतं.